यंत्राला न दिसणारी तबकडी

यंत्राच्या उजव्या अंगाला एक बोट होते. लोखंडाचे, करंगळीच्या पेराहूनही लहान, टोकाला किंचित वाकलेले. वरच्या खुंटीवरून तबकडी चकतीवर पडली की तिची कड या बोटाला लागे. एका जागी लागली तर तबकडी मोठी, दुसऱ्या जागी लागली तर मध्यम, आणि कुठेच लागली नाही तर तबकडी नाहीच. या तिसऱ्या बाबतीत बोटाचे मत फार ठाम असे. ते सुईची दांडी अर्ध्या वाटेतून परत पाठवी, चकती थांबवी आणि 'टक्' असा आवाज करून सगळा कारभार बंद करी. चकतीवर तबकडी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत असले, तरी त्याने काही फरक पडत नसे. बोटाला ती लागलेली नव्हती.

"टक्," यंत्र म्हणाले.

"झाला?" रमाबाईंनी विचारले. त्या जमिनीवर, यंत्राच्या अगदी समोर, देवळात बसावे तशा बसल्या होत्या.

"नाही हो. त्याला दिसत नाही," शामराव म्हणाले.

"आंधळा आसा काय ता?"

"आंधळं नाही. त्याच्या हिशेबात एवढी लहान रेकॉर्डच नाही."

"मगे हिशेब शिकवा त्याका," रमाबाई म्हणाल्या आणि आपली तबकडी उचलून, पदराने पुसून, पिशवीत घालून शेजारच्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

फणसवाडीतल्या त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर शामराव आणि रमाबाई यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि त्या भिंतीवर शामरावांच्या बाजूने, कॅलेंडरच्या मागे, शिसपेन्सिलीने काढलेले एक दार होते. पट्टी लावून काढलेले, कडीसकट. शामराव एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि अंदाजपंचे काही करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रमाबाईंनी खोली सोडली की ती शामरावांना द्यायची, हे घरमालकाच्या मेहताजींनी तोंडी कबूल केले होते. मुलांना अभ्यासाला जागा होईल, बायकोला, शैलाला, स्वयंपाकघर वेगळे मिळेल, आणि आपल्याला पेपर उलगडून वाचता येईल, असा शामरावांचा विचार होता. गेली कित्येक वर्षे ते पेपर चार घड्या घालून वाचत होते, आणि त्यामुळे देशातल्या बऱ्याच घटनांचा त्यांना अर्धाच भाग माहीत होता.

आता रमाबाई खोली का सोडणार, तर त्यांचा मुलगा लवू. तो आगबोटीवर खलाशी होता, तो विलायतेतल्या एका बंदरात उतरला आणि तिथेच गोदीत कामाला लागला. त्याचे पत्र आले होते की आई, खोली सोड आणि इकडे ये, काय ते कळव. रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. पत्र वाचून दाखवले शामरावांनी, मोठ्याने आणि फार भावनेने. रमाबाईंनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "ह्या पत्रात लिवला काय, 'खोली सोड'?"

"स्पष्ट लिहिलंय."

"आवाज तर तुमचो."

शामराव हे वाक्य विसरू शकले नाहीत. प्रामाणिक माणसाला, आपण मनात धरलेल्या गोष्टीचा दुसऱ्याने संशय घेतला की फार लागते.

पत्राबरोबर एक तबकडी होती. बशीएवढी, पुठ्ठ्याची, वरून काळी झिलई दिलेली. लवूच्या बंदराजवळ समुद्रकाठी जत्रेची जागा होती, तिथे एक पेटीवजा खोली होती. आत उभे राहून बोलले की बाहेर तबकडी पडे. जड सुईच्या जुन्या ग्रामोफोनवर ती लावू नये, फुकट जाईल, आणि हलक्या दांडीच्या यंत्रावरही पुन्हापुन्हा लावू नये, असे लवूने बजावले होते. रमाबाईंनी जाहीर केले की लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय आपण 'हो' म्हणणार नाही आणि 'नाही'ही म्हणणार नाही. दुकानात जाऊन ऐकू या, असे शामरावांनी सुचवले. "चार लोकांत?" असे म्हणून रमाबाईंनी ते मोडीत काढले.

तेव्हापासून सगळे अडून राहिले होते. ते दिवसच अडून राहण्याचे होते. मुंबई कोणाची, हा प्रश्न वर दिल्लीत पडून होता, आणि रमाबाईंची खोली कोणाची, हा खाली फणसवाडीत. चाळीतले अप्पा जुने रेल्वेतले, निवृत्त. ते गॅलरीत खुर्ची टाकून दोन्ही प्रश्नांवर एकदमच बोलत. "मुंबईचा निकाल लागेल एक वेळ," ते म्हणत, "पण रमाबाईंचा? छे!"

अशात शामरावांच्या ऑफिसातला शेवटचा गोरा साहेब स्वदेशी परत निघाला आणि जाताना सामान विकू लागला. सामानात हे यंत्र होते. एकावर एक आठ तबकड्या चढवायच्या; ते आपणहून एकेक खाली सोडी, मोठी की मध्यम ते बोटाने ओळखी, त्याप्रमाणे सुई बरोबर कडेला ठेवी आणि सगळ्या संपल्या की स्वतःच बंद होई. दांडी पिसासारखी हलकी. शामरावांनी हात सैल केला आणि यंत्र घेतले. सोबत साहेबाने एक इंग्रजी पुस्तिका दिली. तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते, की दांडीला हाताने स्पर्श करू नये. शामरावांनी त्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली. तिच्यापुढे, बारीक अक्षरांत, 'ती आपणहून हलत असताना' एवढे शब्द होते. त्यांखाली ओढली नाही.

यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता, हे घरी आणल्यावर कळले. ते रेडिओला जोडायचे होते. रेडिओच्या पाठीत शेजारी-शेजारी दोन भोके होती. ती आजवर झुरळांच्या सोयीसाठी असावीत असा शैलाचा समज होता. त्यांत वायर बसवली, रेडिओ लावला, आणि दिल्लीहून बातम्या लागल्या. वायर काढून उलटी बसवली. बातम्या चालूच. चकतीवर तबकडी फिरत होती, सुई तिच्यावर चालत होती, गाणे सुईच्या टोकाशी डासाएवढ्या आवाजात गुणगुणत होते, आणि रेडिओला त्याचा पत्ता नव्हता.

"त्याला सांगितलंत का?" अप्पांनी विचारले. ते सल्ला द्यायला दारातच उभे होते.

"कोणाला?"

"रेडिओला. अहो, आपल्या पाठीला कोणी काय आणून जोडलंय, याची तो आपणहून चौकशी करीत नाही. त्याला सांगावं लागतं. ती पुढची कळ आहे ना, ती सगळी डावीकडे फिरवा."

कळ फिरवली. दिल्ली बंद झाली आणि साहेबाची एक इंग्रजी नाचाची तबकडी एवढ्या जोरात वाजली की वरच्या मजल्यावरच्या सुभद्राबाईंच्या हातून उलथणे पडले. मग चाळीने टाळ्या वाजवल्या. मग रमाबाईंना बोलावणे गेले. मग 'टक्' झाले. इथपर्यंत आपण आलोच आहोत.

पुढे सल्ल्यांची रीघ लागली. ओळखत नाही म्हणजे तबकडी वाकली असणार, इस्त्री फिरवा, असे सुभद्राबाई म्हणाल्या. परदेशी आहे, इथली हवा तिला मानवली नसेल, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा, असेही त्याच म्हणाल्या. अप्पांचे मत पडले की ती कडेने वाढवून घ्यावी, म्हणजे सुताराकडून लाकडी कडे बसवावे. रमाबाईंनी यातल्या कोणालाही तबकडीला हात लावू दिला नाही. ती त्यांच्या देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाच्या मागे असे.

दरम्यान चाळीला यंत्राचा शोध लागला होता. ज्याच्या घरी एक जरी तबकडी होती तो ती घेऊन शामरावांच्या दारात आला, आणि ज्याच्या घरी नव्हती तो ऐकायला आला. कोणाची आधी, कोणाची नंतर, यावरून पहिल्याच रविवारी दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले. शामराव चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी होते. त्यांनी नियम केले.

प्रत्येक तबकडी आधी यंत्राला दाखवायची. यंत्राने ओळखली तर तिला एक अक्षर मिळेल, आणि अक्षराच्या क्रमाने ती लागेल. अ आणि ब ही दोन अक्षरे शामरावांनी स्वतः घेणार असलेल्या तबकड्यांसाठी राखून ठेवली. त्या तबकड्या त्यांनी कधीच घेतल्या नाहीत. पण राखून ठेवलेले ते राखून ठेवलेले, त्यामुळे चाळीतली पहिली तबकडी, अप्पांच्या नाट्यपदाची, क झाली. का, असे नवीन माणसाने विचारले की सगळे म्हणत, "पहिल्यापासून तसंच आहे." लावलेली तबकडी काढायची असेल तर आधी सेक्रेटरीला सांगायचे, त्यांनी "काढा" म्हटल्यावरच काढायची. आणि दांडीला मानवी हात लागता कामा नये. हा शेवटचा नियम शामरावांनी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, लावला.

पुढच्या रविवारी त्यांनी रमाबाईंना बोलावले, तेव्हा अप्पा खाकरले.

"अक्षर कुठलं?"

"काय?"

"रमाबाईंच्या रेकॉर्डचं अक्षर. यंत्राने ओळखली नाही, म्हणजे अक्षर नाही. अक्षर नाही, म्हणजे पाळी नाही. नियम तुम्हीच केलेत, शामराव."

"अहो, पण यंत्र आणलं त्यांच्यासाठी!"

"ते खाजगी झालं. मी सार्वजनिक बोलतोय."

विषय मंडळापुढे गेला. मंडळाने तो पुढच्या सभेपुढे ठेवला. पुढच्या सभेत कोरम झाला नाही, कारण सभेच्या वेळेलाच नाट्यपद लागले होते आणि सभासद ते ऐकत होते.

"यंत्र आणलंत एका रेकॉर्डसाठी," शैला रात्रीच्या भाजीसाठी घेवडा मोडताना म्हणाली, "आणि आता तिच्याखेरीज सगळ्या वाजतात." शैलाला टोचून बोलण्याची सवय नव्हती. ती फक्त दिसेल ते सांगे. शामरावांना ते अधिक लागे.

याच सुमारास रेडिओच्या परवान्याचे इन्स्पेक्टर आले. ते सज्जन, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी रेडिओ पाहिला, परवाना पाहिला आणि वायरीच्या मागोमाग नजर नेत यंत्रापाशी आले.

"हे काय?"

"रेकॉर्ड चेंजर."

"परवान्यात नाही."

"परवाना रेडिओचा आहे. हा रेडिओ नाही."

"मग रेडिओला का जोडलाय?"

"त्याला स्वतःचा आवाज नाही."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढून डोके पुसले. "म्हणजे आवाज रेडिओचा."

"हो."

"आणि गाणं?"

"ते तबकडीचं."

"म्हणजे हा नुसता मधला."

"तसं म्हणता येईल."

"मधल्याला आमच्याकडे रकानाच नाही हो," इन्स्पेक्टर हळहळून म्हणाले.

शामराव अर्धी रजा टाकून कचेरीत गेले. तिथे त्यांना समजले की जोडलेल्या यंत्राला परवाना हवा. परवान्यासाठी यंत्राला मान्यता हवी. मान्यतेसाठी तपासणी हवी, आणि तपासणी जोडलेल्याच यंत्राची होते. पण परवाना नसलेले यंत्र जोडणे हा गुन्हा असल्याने ते तपासणीला आणता येत नाही. हे सगळे ज्या कारकुनाने सांगितले, त्याच्या टेबलावर एक शिक्का होता. बोलून झाल्यावर त्याने तो शाईच्या डबीवर ठेवला. 'टक्' असा आवाज झाला. शामराव चमकले.

जाताना जिन्यात तेच इन्स्पेक्टर भेटले. "मी येणार असलो की वायर काढून ठेवत जा," ते कानाशी म्हणाले. "न जोडलेली वस्तू आमच्या दृष्टीने नसतेच. लाकडी पेटी म्हणून वर फुलदाणी ठेवा." शासनाची आणि बोटाची विचारसरणी इतकी जुळते, हे शामरावांना पूर्वी माहीत नव्हते.

यानंतरचा प्रसंग जगदीशचा. जगदीश तळमजल्यावर राहत असे, एका छापखान्यात होता आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता होता. भोईवाड्यात समितीची सभा होती, शाहीर आजारी पडला होता, आणि पोवाड्याची तबकडी चाळीतच, सुभद्राबाईंकडे, फ या अक्षराखाली होती. शामराव ऑफिसात असताना जगदीश दोन मित्रांना घेऊन आला.

"वहिनी, चेंजर नेतो हं. संध्याकाळी परत."

"ते घरी नाहीत. आणि आत्ता लागलंय ते गाणं तर संपू दे!"

"वहिनी, महाराष्ट्र थांबलाय तिकडे!" असे म्हणून, गाणे संपून दांडी वर उचलली जाते तोच, जगदीशने वायर ओढली. चकती अर्ध्या फेऱ्यात थांबली, दांडी हवेत राहिली, आणि यंत्र वरच्या तबकड्यांसकट जिना उतरून गेले.

अर्धवट थांबवलेले यंत्र थांबलेल्या जागेपासूनच पुढे सुरू होते, ही माहिती साहेबाच्या पुस्तिकेत नवव्या पानावर होती. जगदीशने ती वाचलेली नव्हती. भोईवाड्याच्या मैदानात मंडप भरला, कर्णे लागले, पोवाड्याची तबकडी सगळ्यात वर ठेवली, कळ दाबली. यंत्राने आपले दुपारचे राहिलेले काम हाती घेतले. दांडी बाजूला झाली, खुंटीवरची सगळ्यात खालची तबकडी पडली, बोटाने ती रीतसर ओळखली, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या त्या समुदायावर साहेबाचा इंग्रजी नाच सुरू झाला.

मग मागून कोणीतरी ओरडला, "अरे, द्वैभाषिक आहे हे!"

मंडप हसून कोसळला. वक्ते अनुभवी होते. ते कर्ण्यापुढे येऊन म्हणाले, "मंडळी, हेच ते राज्य. वर मराठी ठेवा, वाजायचं ते खालूनच वाजतं!" सभा फारच चांगली झाली. जगदीशला आजवर कोणी नावाने ओळखत नव्हते, ते आता ओळखू लागले.

यंत्र परत आले तेव्हा त्याचे बोट जरासे वाकले होते. त्यामुळे ते मोठ्या तबकडीला मध्यम समजू लागले आणि सुई एक इंच आत ठेवू लागले. परिणामी चाळीतली सगळी मोठी गाणी दुसऱ्या कडव्यापासून सुरू होत. अप्पांच्या नाट्यपदातली नायिका एकदम रडतच प्रवेश करी. का रडते, ते कोणाला कळत नसे. शेवटी अप्पांनी पक्कड आणून, जीभ दातांत धरून, ते बोट सरळ केले. जगदीशने न सांगता वायर काढली म्हणून त्याच्यावर ठराव आणायचे ठरले, पण मंडळापुढे रमाबाईंचा विषय आधी असल्यामुळे तो ठरावही त्याच्या मागे रांगेत उभा राहिला.

आणि मग एका रविवारी सकाळी मेहताजी आले. जिना चढून आलेले, धोतराचा सोगा हातात.

"शामरावभाई, शेठ विचारते. खोली खाली होते का नाही? दादरचा एक माणूस रोज येऊन बसते. आज सांगून टाका."

"आज?"

"आज. मी दुसऱ्यांदा जिना नाय चढणार."

शामरावांनी मेहताजींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ते स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथे शैला भांडी पुसत होती. तिने ताट पालथे घातले आणि त्याच्यावर बशी ठेवली. शामराव ताटाकडे पाहत राहिले. मग बशीकडे. विमा कंपनीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच येणारा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"बोटाला कड हवी," ते म्हणाले. "कोणाची का असेना."

"काय म्हणता?"

"खाली मोठी रेकॉर्ड ठेवायची. वर रमाबाईंची. बोटाला मोठीच लागणार!"

"म्हणजे यंत्राशी खोटं बोलायचं," शैला म्हणाली.

"खोटं नाही. त्याला विचारता येतं तेवढ्याचं उत्तर द्यायचं."

रमाबाई आल्या, मागून चाळ आली. 'चार लोकांत' ऐकणार नाही म्हणणाऱ्या रमाबाईंभोवती चाळीस माणसे होती. पण त्या तबकडीकडे पाहत होत्या, माणसे त्यांना दिसत नव्हती. शामरावांनी अप्पांची क तबकडी चकतीवर ठेवली, तिच्यावर मधोमध लवूची छोटी तबकडी बसवली आणि वायर तपासली. कळ डावीकडे फिरवली. खटका दाबला. बोट हलले, क ची कड त्याला लागली, ते समाधानाने मागे सरले. टक् झाले नाही. चाळीने श्वास सोडला. दांडी उठली, डौलात बाहेर गेली आणि मोठ्या तबकडीच्या कडेवर टेकली.

नाट्यपद सुरू झाले. पहिल्यापासून, व्यवस्थित.

"हा लवूचो आवाज न्हय," रमाबाई म्हणाल्या.

"नाही, ही क आहे," अप्पा अभिमानाने म्हणाले.

शामरावांना सगळे एकदम दिसले. सुई गाण्यातून आत आत येणार, लवूच्या तबकडीच्या कडेला जाऊन आदळणार, आणि पुठ्ठ्याची झिलई फाटणार. वेळ फार नव्हता. त्यांनी भिंतीकडे पाहिले. स्वतःच्या अक्षरातला नियम. समोर मेहताजी चहाची बशी हातात धरून बसलेले. कॅलेंडरच्या कडेतून पेन्सिलीच्या कडीचे टोक दिसत होते. आणि खाली रमाबाई, डोके जरा पुढे काढून, कान यंत्राकडे. लुगड्याच्या काठाला ठिगळ, हातात रिकामी पिशवी. खोलीचा विचार शामरावांच्या मनात तेव्हाही होता. पण तो क्षणभर रांगेत मागे गेला.

त्यांनी दांडीला हात लावला.

"शामराव!" अप्पा ओरडले. "नियम!"

"नियम माझाच आहे!" शामरावही ओरडले. चाळीने त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकले. त्यांनी दांडी चिमटीत उचलली. ती त्यांनी आत नेली आणि छोट्या तबकडीच्या काठावर सोडली. काहीही मोडले नाही. यंत्राने कसलाही निषेध केला नाही. इतके दिवस हे असेच करता आले असते, ही गोष्ट खोलीत सगळ्यांना एकाच वेळी कळली.

आधी नुसती खरखर. मग लांबून, नळातून बोलावे तसा, एक तरुण पुरुषी आवाज, भयंकर औपचारिक:

"तीर्थरूप मातोश्री रमाबाई यांचे चरणी बालके लवूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे. हवा थंड आहे. गोदीत काम बरे आहे. पत्रात लिहिल्याप्रमाणे…"

त्याने चक्क पत्रच वाचायला घेतले होते. यंत्राशी कसे बोलतात हे बिचाऱ्याला कोणी सांगितले नसावे. रमाबाईंचा चेहरा पडला. शामरावांच्या वाचनापेक्षा हे काही वेगळे नव्हते. किंबहुना शामरावांनी अधिक भावनेने वाचले होते.

"पत्रात लिहिल्याप्रमाणे खोलीबाबत काय तो विचार…" इथे तबकडीत कोणीतरी फळीवर ठोकल्यासारखा आवाज आला. एक परका माणूस इंग्रजीत काहीतरी म्हणाला. लवू गडबडला. "संपला? इतक्यात?" आणि मग अगदी जवळून, घाईघाईत, जिन्यात दोन पायऱ्या उतरून मागे वळून बोलावे तसा तोच आवाज आला:

"गो आये, दार लावन घे गो!"

खरखर. सुई मधोमध आली. यंत्र आपणहून बंद झाले. टक्.

आगबोटीवर जाण्यापूर्वी, मुंबईच्या गोदीत पहिल्या पाळीला जाताना लवू रोज जिन्यातून हेच ओरडत असे. सबंध चाळ वर्षानुवर्षे त्याने जागी होत असे आणि त्याला शिव्या देत असे. सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अप्पा आपल्या क तबकडीकडे उगाचच पाहत राहिले.

मेहताजींनी बशी खाली ठेवली. "ते पण बोलले ना, खोलीबाबत? मग शेठला काय सांगू, रमाबाई?"

रमाबाई उठल्या. त्यांनी चकतीवरून तबकडी काढली. सेक्रेटरीला न सांगताच काढली. ती पदराने पुसली, पिशवीत घातली, आणि दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"ऐकलात न्हय? दार लावन घे म्हणता," त्या म्हणाल्या. "जो परत येऊन कडी वाजवतलो, तोच सांगता, दार लावन घे. पत्रात कोणी कायव लिवांदे."

शैलाने हात लांब करून कॅलेंडर जरा सरळ केले. पेन्सिलीच्या कडीचे टोक त्याच्यामागे गेले.

"शेठाक सांगा," रमाबाई मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मिया खोली सोडूचंय नाय."